ऊन सर्वांचे, छत कुणाचे?



पर्वतीच्या टेकडीवर उभे राहून सकाळी दहाच्या उन्हात खाली पाहिले तर पुण्याची दोन छते दिसतात. सहकारनगरच्या बाजूला बंगल्यांच्या गच्च्या आहेत आणि त्यांच्यावर निळसर काळ्या पाट्या तिरक्या मांडून ठेवलेल्या आहेत. जनता वसाहतीच्या बाजूला पत्रे आहेत, पत्र्यांवर दगड आहेत, जुने टायर आहेत, वाळत घातलेल्या गोधड्या आहेत. ऊन दोन्हीकडे सारखेच पडते. बंगल्याच्या गच्चीवर त्या उन्हाची वीज होते आणि आपल्या पत्र्यावर त्याच उन्हाची भट्टी होते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून ज्यांनी लेकरे वाढवली त्या आयाबहिणींना हे मी वेगळे सांगायला नको.

मी एक साधा कारकून आहे. बी.कॉम. झालो, आकडे जुळवण्याची नोकरी करतो आणि रविवारी दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात टेबल टाकून बसतो. रेशनकार्डातले नाव, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणी, पेन्शन, जे येईल ते कागद भरून देतो. गेल्या दोन वर्षांत या टेबलावर एक नवा विषय येऊ लागला आहे, तो म्हणजे सोलर. "भाऊ, बिल शून्य होतंय म्हणं, आमचा पण फारम भरा," असे म्हणत माणसे येतात. तेव्हा विजेच्या या नव्या साधनाबद्दल, ते कुणाच्या दारात कसे येते याबद्दल जे पाहिले, वाचले आणि हिशेबाने ताडून पाहिले ते आज मांडतो.

प्रथम योजना काय आहे ती समजून घेऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आणली. देशातल्या एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवायचे आणि त्यासाठी ७५ हजार कोटींच्या वर रक्कम ठेवायची, असे ठरले. एक किलोवॅटच्या संचाला ३० हजार रुपये अनुदान, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार. एक किलोवॅटचा संच म्हणजे साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा. त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट. आपल्यासारख्या दिवा, पंखा, टीव्ही आणि फार तर फ्रीज असलेल्या घराला तेवढी पुरते. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज तारेतून महावितरणकडे जाते, रात्री आपण त्यांची वापरतो, आणि मीटर दोन्हींची वजाबाकी करतो.

त्यानंतर २०२५ मध्ये राज्य शासनाने 'स्मार्ट' नावाची योजना काढली. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी ती आहे. एक किलोवॅटला साधारण ५० हजार खर्च धरला तर केंद्राचे ३० हजार, वर राज्याचे अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला साडेसतरा हजार. म्हणजे आपल्या माणसाला खिशातून पाच हजार किंवा अडीच हजारच घालायचे. मी ही योजना वाईट म्हणणार नाही. कागदावर तरी गरिबाचा विचार करून केलेली ती योजना आहे, आणि ज्या वाचकांचे गावी किंवा शहरात स्वतःच्या नावावर पक्के छत आहे त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी अर्ज भरावा.

पण नेमके तिथेच घोडे पेंड खाते. योजनेची पहिली अट आहे की घर स्वतःचे हवे आणि छत संच पेलणारे हवे. दुसरी अट, वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी.

आमच्या टेबलावर आलेली माणसे आठवतात. एका ताईंचे मीटर सासऱ्याच्या नावावर आहे. सासरे जाऊन अकरा वर्षे झाली. वारसाची नोंद लावायची तर घराचा कागद लागतो. "कागद कुठंय ताई?" "भाऊ, कालव्यात गेला." हे उत्तर मला एकदा नाही, कितीतरी वेळा मिळाले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा दांडेकर पुलाच्या वस्तीतून पाणी घुसले. त्या पाण्यात भांडी गेली, गहू-तांदूळ गेले, ते पुन्हा आले. फोटोपास गेला, जुनी करपावती गेली, ती आली नाही. दुसरे एक काका चर्मकार समाजाचे, गटई काम करणारे. घर त्यांचे, मीटर त्यांचे, कागद त्यांचा, पण छत पत्र्याचे आणि त्या पत्र्यावर मुलाने लग्नानंतर लोखंडी अँगल टाकून वरची खोली काढलेली. त्या वरच्या खोलीच्या पत्र्यावर संच ठेवायचा तर आधी खालच्या भिंतीला विचारावे लागेल! तिसऱ्या बाई भाड्याने राहतात. घरमालक त्यांच्याकडून सबमीटरने युनिटचे दहा रुपये घेतो. त्यांनी अर्ज कसला भरायचा?

आणि जे वस्ती सोडून झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत गेले त्यांचे काय? त्यांना पक्के घर मिळाले, पण छत मिळाले नाही. अकरा मजल्यांच्या इमारतीत गच्ची एक आणि घरे शेकड्याने. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी योजनेत सोय आहे, किलोवॅटला १८ हजार रुपये, पण ती जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप अशा सामायिक वापरासाठी. तेही चांगलेच आहे. लिफ्टचे बिल थकले म्हणून म्हाताऱ्यांना नऊ मजले चढायला लावणाऱ्या इमारती मी पाहिल्या आहेत. परंतु माझ्या ओळखीच्या एका इमारतीत गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा आहे. त्याचे भाडे कुणाकडे जाते हे रहिवाशांना आजपर्यंत कुणी सांगितलेले नाही. गच्चीची किल्लीसुद्धा त्यांच्याकडे नाही. म्हणजे घर झाले तरी छत दुसऱ्याच्याच ताब्यात.

आता कुणी म्हणेल, ज्यांचे जमते त्यांनी बसवावे, ज्यांचे जमत नाही त्यांनी जुनी वीज वापरावी, त्यात कुणाचे काय नुकसान? इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. विजेच्या दराचे टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत एक दर, शंभर ते तीनशे दुसरा, त्याच्या वर आणखी चढा. ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्रे, त्यांनी जास्त दर द्यायचा आणि त्यातून खालच्या टप्प्याचा दर आवाक्यात ठेवायचा, अशी ही जुनी रीत आहे. आता हेच वरच्या टप्प्याचे ग्राहक गच्चीवर संच बसवून बिल शून्य करून घेतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांचा पैसा, त्यांची गच्ची. परंतु खांब, तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, तिथले कर्मचारी यांचा खर्च काही शून्य होत नाही. रात्री तेही त्याच तारेतून वीज घेतात. मग तो खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर वाटला जाणार. उरलेले कोण? ज्यांना छत नाही ते. नवे साधन श्रीमंताच्या घरी आधी आले आणि गरिबाच्या घरी उशिरा आले, एवढ्यापुरता हा प्रश्न असता तर मी हे लिहिले नसते. तसे रॉकेलचा स्टोव्ह, गॅस, टीव्ही सगळेच आपल्याकडे उशिरा आले. इथे उशीर होणाऱ्याला दंडही बसू शकतो.

यावर उपाय नाही असे नाही. दिल्लीत २०१९ मध्ये तिथल्या वीज नियामक आयोगाने एक पद्धत घालून दिली. संच एका ठिकाणी बसवायचा, त्याची वीज तारेत सोडायची आणि तिचे युनिट ठरलेल्या वाट्याने अनेक घरांच्या बिलातून वजा करायचे. छत एकाचे, युनिट अनेकांचे. आपल्या वस्तीशेजारी महापालिकेच्या शाळेची एवढी मोठी गच्ची आहे, दवाखान्याची आहे, भाजी मंडईची आहे. पत्र्याच्या घराला संच पेलत नसेल तर शाळेच्या गच्चीला पेलतो. आम्ही वस्तीतल्या काही जणांनी हे एका कार्यालयात जाऊन लेखी मांडले. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे असा नमुना नाही. वरून आदेश आला की बघू." मीही कारकून आहे. 'वरून' हा शब्द मीही वापरतो. म्हणून मला त्याचा अर्थ कळला.

वरून आदेश येण्यासाठी वर आपले कुणी बसलेले असावे लागते. एकदा बसलेले होते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना बाबासाहेब घटनाकार म्हणून माहीत आहेत. ते देशाच्या वीजखात्याचेही प्रमुख होते हे फार कमी जण सांगतात. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले ते आज वाचले तरी कालच केले आहे असे वाटते. वीज किती निर्माण करायची एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही. ती कुणाच्या मालकीची असावी, सरकारच्या की खासगी भांडवलाच्या? खासगी असेल तर लोकांच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी असाव्यात? आणि वीज नुसती भरपूर असून भागणार नाही, ती स्वस्त असली पाहिजे, हे त्यांनी ठासून सांगितले. कारण दारिद्र्याच्या चक्रातून देशाला बाहेर काढायचे तर कारखानदारी हवी आणि कारखानदारीला वीज हवी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या परिषदा झाल्या, ते त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभे राहिले. हेही इथे लिहिले पाहिजे की पुढे त्या खोऱ्यात बांधलेल्या मैथन आणि पंचेत धरणांनी आदिवासींची गावे उठवली. विचार करणारा गेल्यावर त्याच्या योजनेचे काय होते याचेही ते उदाहरण आहे.

बाबासाहेब मालकीचा प्रश्न का विचारत होते हे समजायला दिल्लीला जायला नको, पौडच्या पुढे गेले तरी पुरे. मुळशीचे धरण आज सहलीचे ठिकाण आहे. पावसाळ्यात पुण्याची मंडळी तिथे कणसे खायला जातात. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटांच्या कंपनीने निळा-मुळेच्या संगमावर हे धरण बांधायला घेतले. कोळसा जाळण्यापेक्षा पाण्याची वीज स्वस्त आणि स्वच्छ, हे त्या काळचे नवे साधन. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झालेच. पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि वीज मुंबईला जाते. या लढ्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या होत्या. मोबदल्याची भाषा सुरू झाली तेव्हा सावकाराला पैशात गोडी होती आणि कसणाऱ्या मावळ्याला जमिनीत. ज्याचे नाव कागदावर त्याला दाम मिळाला. मग ज्याच्या नावावर ना जमीन ना वाडा, त्याला त्या यादीत कोण विचारणार?

त्यानंतरच्या काळातला एन्रॉनचा प्रकार तर पन्नाशीतल्या सगळ्या वाचकांना आठवत असेल. १९९२ मध्ये घाईने सामंजस्य करार झाला, १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली, आणि ती इतकी महाग निघाली की २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणेच थांबवले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोर झाली. करारातले आकडे लोकांना न दाखवता सही करण्याचा तो परिणाम. पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेने त्या वेळी वही-पेन घेऊन हे आकडे मांडून दाखवले होते. मोर्च्याइतकीच अशा हिशेबाचीही आपल्या चळवळीला गरज आहे असे माझे मत आहे. आपली पोरे एम.पी.एस.सी. करतात ते चांगलेच आहे, पण एखाददुसऱ्याने वीज नियामक आयोगाचा दर-आदेश वाचायला शिकावे.

शहराची गोष्ट इथे थांबवतो, कारण सोलरचे खरे राजकारण गावाकडे चालू आहे.

माझे गाव बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजोबा माणसे घेऊन पुण्याला आले आणि इथलेच झाले. माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते मोठेपणी परत गेले. गावकुसाबाहेर जे गायरान आहे त्यातली तीन एकर जमीन ते आणि चुलती कसतात. दगड वेचून, बांध घालून त्यांनी ती कसण्याजोगी केली. ज्वारी, तूर, बाजरी निघते. विहीर नाही. गेल्या वर्षी तात्यांचा फोन आला. "आरं बाळा, गायरानात मोजणीवाले येऊन गेले. सोलरच्या प्लेटा लावायल्यात म्हनं. आता आपलं कसं?"

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. बाबासाहेबांच्या पश्चात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये. लाखो माणसे तुरुंगात गेली, बायाबापड्या लेकरे कडेवर घेऊन गेल्या. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर करा, ही मागणी होती. त्या रेट्यातून पुढे शासन निर्णय निघाले. त्यातला १९९१ चा निर्णय असा, की १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर ज्यांचे शेतीसाठी अतिक्रमण आहे अशा दलित-भूमिहीनांचे ते नियमित करावे. तारीख कुणाच्या जयंतीची ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पण निर्णय झाला आणि सातबारा झाला यात मराठवाड्यात फार अंतर आहे. गावच्या पुढाऱ्यांचा विरोध, तलाठ्याची टाळाटाळ, हरवलेली फाईल. तात्यांसारखे अनेक जण तीस-चाळीस वर्षे कसूनही सरकारच्या लेखी अतिक्रमक आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा त्यात अपवाद नमूद आहे, पण तो अपवाद सांगायला गावात कुणी येत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या लोकांना पुन्हा नोटिसा गेल्या.

अशा वेळी २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' आली. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, त्यासाठी उपकेंद्रांच्या जवळ सौर प्रकल्प उभारायचे, १६ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट. हेतू उत्तम आहे. रात्री दोन वाजता पाणी धरायला जाणाऱ्याला साप चावतो, विजेचा झटका बसतो, आणि तो जाणारा बहुतेक वेळा मालक नसतो, आपल्यातलाच सालगडी असतो. दिवसा वीज आली तर त्याचाही जीव वाचेल. पण प्रकल्पाला जमीन लागते. खासगी जमीन दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार. सरकारी जमीन असेल तर जिल्हा प्रशासन ती उपलब्ध करून देते, आणि गायरान ही सरकारी जमीन आहे.

आता तात्यांचा हिशेब करू. त्यांची तीन एकर त्यांच्या नावावर असती तर वर्षाला दीड लाख रुपये भाडे घरबसल्या आले असते. आयुष्यात त्यांनी ज्वारीतून कधी दीड लाख पाहिले नाहीत. नावावर नाही म्हणून त्यांना शून्य, वर उठून जा. ज्या पंपांना दिवसा वीज मिळणार ते पंप विहीरवाल्यांचे. आणि ज्यांच्या बकऱ्या गायरानात चरतात त्या बायांना तर कुणी खिजगणतीतही धरलेले नाही. जमीन तीच, ऊन तेच, माणूसही चाळीस वर्षे तोच. फक्त एका कागदाचा फरक.

माझ्या मते इथे मागणी 'सोलर नको' अशी असता कामा नये. काही ठिकाणी आपले कार्यकर्ते तसे म्हणतात, त्यांचा राग मला समजतो. पण कोळशाच्या विजेने आपले काय भले केले? चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या चिमण्यांची राख ज्यांच्या घरांवर आणि पिकांवर पडते त्यांत आपले बांधव किती आहेत हे विदर्भातल्या वाचकांना विचारा. परळीचे जुने संच बंद झाले तेव्हा कायम कामगारांची सोय लागली, कंत्राटी पोरांना कुणी विचारले? म्हणून मागणी अशी हवी की १९९० पूर्वीपासून कसणाऱ्याची जमीन आधी नियमित करा आणि मग त्याच्याच सहीने, त्यालाच भाडे देऊन ती प्रकल्पाला घ्या. शासन निर्णय शासनाचाच आहे, त्यात नवीन काही मागितलेले नाही.

नव्या ऊर्जेचा पैसा गावात आला की आणखी काय येते तेही बीड जिल्ह्याने पाहिले. केज तालुक्यातल्या मस्साजोगला ६ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे आपण चैत्यभूमीकडे निघालेले असताना, पवनचक्की कंपनीच्या आवारात एका पहारेकऱ्याला मारहाण आणि जातिवाचक शिवीगाळ झाली अशी तक्रार आहे. पहारेकरी आपल्या समाजाचा. गावचे सरपंच संतोष देशमुख, जातीने मराठा, त्याच्या बाजूने मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण करून त्यांना हाल हाल करून ठार मारण्यात आले. कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी या खुनाचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात म्हटले आणि प्रकरण न्यायालयात गेले. वारा फुकट, पण वाऱ्याच्या वाटेवर उभे राहून वसुली करणारे किती, आणि दाराशी काठी घेऊन उभा राहणारा कोण, हे त्या एका प्रकरणात दिसले. देशमुखांचे नाव आपण विसरता कामा नये.

पुण्यात परत येतो. माझी मावशी कचरा वेचते. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि तिला पहिल्यांदा ओळखपत्र मिळाले, तेव्हापासून पोलीस तिला चोर म्हणत नाहीत. कचऱ्यापासून वीज हेही नव्या ऊर्जेत मोजले जाते. ओल्या कचऱ्याचा गॅस करा, उत्तमच. पण जाळून वीज करायची तर भट्टीला कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक असा चांगला जळणारा माल लागतो, आणि नेमका तोच माल विकून मावशीची चूल पेटते. मावशीला हे समजावून सांगितले तर ती म्हणाली, "म्हंजे आमचा सुका माल जाळून लोकांच्या घरी दिवं लावणार व्हय?" एका वाक्यात इतके नेमके मला लिहिता आले नसते.

कामाचेही तसेच. वस्तीतली चार-पाच पोरे आज सोलर बसवण्याच्या कामावर जातात. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या कठड्यावरून पॅनल वर ओढतात. एका ठेकेदाराकडे कमरेला पट्टासुद्धा देत नाहीत, रोजंदारी हातात आणि पडला तर ओळख नाही. याच कामाचे 'सूर्यमित्र' नावाचे सरकारी प्रशिक्षण २०१५ पासून आहे. आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा ते करू शकतो. पॅनल उचलणारा आणि जोडणी करून सही करणारा यांच्या रोजात फार फरक आहे. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्या आईवडिलांनी एवढे मनात धरावे.

सध्या आम्ही दोन कामे हाती घेतली आहेत. वस्तीतल्या ज्या घरांचे कागद २०१८ च्या पाण्यात गेले त्यांच्या करपावत्यांच्या प्रती मिळवण्यासाठी यादी केली आहे, कारण कागद झाला तर निदान मीटर तरी नावावर होईल. आणि शाळेच्या गच्चीचा अर्ज पुन्हा नव्याने लिहिला आहे. या वेळी त्याच्यावर वस्तीतल्या बायांच्या सह्या घेत आहोत, कारण बिल हातात घेऊन चिंता त्याच करतात.

तात्यांसाठी मी सुटीत गावी जाऊन आलो. गायरान कसणाऱ्या वाचकांनी, किंवा ज्यांचे चुलते-मामा गावी गायरान कसतात त्यांनी, आजच एवढे बघावे: तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते, तिच्यात आपले नाव कोणत्या साली लागले आहे त्याचा उतारा लेखी अर्ज देऊन मागावा, आणि पूर्वी कधी सरकारने दंड केला असेल तर ती पावती जपून ठेवावी. दंडाची पावती हाच कसत असल्याचा पुरावा. तात्यांना अशा तीन पावत्या चुलतीच्या लुगड्यांच्या पेटीत सापडल्या. सर्वांत जुनी १९८६ ची आहे. तिची झेरॉक्स काढून आम्ही तहसीलदारांच्या कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे.